पर्पल मार्टिन : माणसाने बांधलेल्या घरट्यांवर विसंबलेला प्रवासी पक्षी

उत्तर अमेरिकेत आढळणाऱ्या भिंगऱ्यांमध्ये पर्पल मार्टिन हा आकाराने सर्वांत मोठा पक्षी आहे. प्रोग्ने सुबिस हे त्याचे शास्त्रीय नाव. त्याची लांबी सुमारे २० सेंटिमीटर असून वजन साधारणपणे ५० ग्रॅमच्या आसपास भरते. नावात जांभळा रंग असला, तरी पूर्ण वाढ झालेला नर प्रत्यक्षात चकाकणाऱ्या निळसर काळ्या रंगाचा असतो. मादी फिकट असून तिच्या पोटाकडचा भाग राखाडी दिसतो. उडते कीटक हेच या पक्ष्याचे मुख्य अन्न होय.

अमेरिकेच्या रॉकी पर्वतरांगेच्या पूर्वेकडील भागात हा पक्षी आज जवळजवळ पूर्णपणे माणसाने उभारलेल्या घरट्यांवर अवलंबून आहे. वन्य पक्ष्याच्या एवढ्या मोठ्या समूहाने निवाऱ्यासाठी माणसावर विसंबून राहावे, हे निसर्गात क्वचितच आढळते.

तुंब्यापासून पेट्यांपर्यंत

मुळात हे पक्षी सुताराने वाळलेल्या झाडांत कोरलेल्या ढोलींत घरटी करीत. युरोपीय वसाहती स्थिरावण्यापूर्वीपासून चोक्टॉ आणि चिकासॉ या मूळ अमेरिकी जमातींचे लोक दुध्या भोपळ्याचे वाळवलेले तुंबे आपल्या वस्तीजवळ टांगत असत. पुढे वसाहतवाल्यांनी ही प्रथा उचलली. एकोणिसाव्या शतकात गावोगावच्या खाणावळींवरही मार्टिनसाठी लाकडी पेट्या दिसत. आज खांबांवर बसवलेली ॲल्युमिनियमची अनेक कप्प्यांची घरे आणि प्लास्टिकचे कृत्रिम तुंबे सर्रास वापरले जातात. पश्चिमेकडील डोंगराळ भागात मात्र हा पक्षी अजूनही झाडांच्या ढोलींत राहतो, तर नैर्ऋत्येच्या वाळवंटात सग्वारो निवडुंगातील पोकळीत घरटे करतो.

घरटे आणि पिल्ले

मार्टिन समूहाने वीण करतात. काड्या, गवत आणि चिखल यांचे घरटे रचून त्यात ते हिरवी पाने अंथरतात. मादी बहुधा चार ते पाच पांढरी अंडी घालते. सुमारे पंधरा दिवसांनी पिल्ले बाहेर येतात आणि साधारण चार आठवड्यांनी उडू लागतात. नर आणि मादी दोघेही पिल्लांना भरवतात. हा पक्षी रोज हजारो डास फस्त करतो, असा समज तेथे रूढ आहे. परंतु अभ्यासात त्याला आधार मिळालेला नाही. मार्टिन दिवसा उंचावर शिकार करतो, तर डास प्रामुख्याने संध्याकाळनंतर जमिनीलगत वावरतात.

हजारो किलोमीटरचा प्रवास

वीण संपल्यावर हे पक्षी दक्षिणेकडे निघण्यापूर्वी विशिष्ट ठिकाणी रात्रीच्या मुक्कामासाठी जमतात. साउथ कॅरोलिना राज्यातील लेक मरी जलाशयाच्या एका बेटावर त्यांची संख्या लाखोंच्या घरात गेलेली आहे. पहाटे एकाच वेळी चहूकडे उडालेले हे थवे हवामान खात्याच्या रडारवर पसरत जाणाऱ्या कड्यासारखे दिसतात. हिवाळा ते दक्षिण अमेरिकेत, प्रामुख्याने ब्राझीलमध्ये काढतात.

या प्रवासाचा वेग २००९ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनामुळे कळला. कॅनडातील यॉर्क विद्यापीठाच्या ब्रिजेट स्टचबरी आणि सहकाऱ्यांनी पक्ष्यांच्या पाठीवर नाण्याहून हलकी उपकरणे बसवली होती. सूर्योदय व सूर्यास्ताच्या वेळांच्या नोंदींवरून पक्ष्याचे स्थान ठरवण्यात आले. ॲमेझॉन खोऱ्यातून निघालेली एक मादी सुमारे साडेसात हजार किलोमीटर अंतर अवघ्या १३ दिवसांत कापून पेनसिल्व्हेनियात परतली. परतीच्या वाटेवर वयस्क पक्षी आधी पोहोचतात. फ्लोरिडात ते जानेवारीतच दिसू लागतात.

धोके आणि संरक्षण

लवकर येण्यात जोखीमही असते. थंडी वा पाऊस सलग काही दिवस टिकल्यास कीटक उडत नाहीत आणि पक्ष्यांची उपासमार होते. जून १९७२ मधील ॲग्नेस चक्रीवादळाच्या पावसात अमेरिकेच्या ईशान्य भागातील असंख्य मार्टिन मृत्युमुखी पडले.

दुसरा धोका माणसानेच निर्माण केला. भारतीयांच्या परिचयाची घरचिमणी १८५० च्या दशकात, तर साळुंकीच्या कुळातील युरोपीय स्टार्लिंग १८९० साली न्यूयॉर्कमध्ये मुद्दाम सोडण्यात आले. हे दोन्ही पक्षी मार्टिनची घरटी बळकावतात, अंडी फोडतात आणि पिल्ले मारतात. त्यामुळे केवळ पेटी टांगून भागत नाही. घरटी वेळोवेळी तपासणे, परक्या पक्ष्यांना आवर घालणे आणि साप व रॅकून चढू नयेत म्हणून खांबाला अडसर लावणे आवश्यक ठरते.

अमेरिकेत १९१८ च्या स्थलांतरित पक्षी करार कायद्यान्वये मार्टिनला संरक्षण आहे. १९८७ साली स्थापन झालेली पर्पल मार्टिन कॉन्झर्व्हेशन असोसिएशन ही संस्था संशोधन व मार्गदर्शन करते. जागतिक पातळीवर ही जाती धोक्यात नसली, तरी १९६६ पासूनच्या पाहण्यांनुसार तिची संख्या एकंदरीत घटली आहे.

घरे सांभाळणाऱ्या हौशी नागरिकांना तेथे 'घरमालक' म्हणतात. त्यांच्यातील अनेकजण आता वृद्ध झाले आहेत. त्यांच्यामागे ही घरे कोण सांभाळणार, हा संरक्षणापुढील महत्त्वाचा प्रश्न आहे. कारण पूर्वेकडील मार्टिनने ढोलीतला संसार जवळपास सोडून दिला आहे.