पिकअपचे स्पार्क प्लग : बदलायचे केव्हा?

पेट्रोल किंवा सीएनजीवर चालणाऱ्या इंजिनात हवा आणि इंधनाचे मिश्रण पेटविण्याचे काम स्पार्क प्लग करतो. मिनिटाला तीन हजार फेऱ्यांच्या गतीने फिरणाऱ्या फोर-स्ट्रोक इंजिनातील प्रत्येक प्लगला तासाभरात ९० हजार ठिणग्या पाडाव्या लागतात. प्रत्येक ठिणगीबरोबर इलेक्ट्रोडचा अतिसूक्ष्म अंश झिजतो आणि दोन टोकांमधील जेमतेम मिलिमीटरभराची फट रुंदावत जाते. ती ओलांडण्यासाठी इग्निशन कॉइलला अधिकाधिक व्होल्टेज निर्माण करावे लागते. प्लग केव्हा बदलायचा, हा प्रश्न मुळात ही फट किती रुंदावू द्यायची याचा आहे.

आपल्याकडे पिकअप म्हटले की डोळ्यांसमोर येते ते डिझेलवरील मालवाहू वाहन. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतोच. दाबाने तापलेल्या हवेत इंधन आपोआप पेटते. त्यातील ग्लो प्लगचे काम वेगळे, तो थंड इंजिन सुरू करण्यास साहाय्य करतो. टाटा एस, मारुती सुपर कॅरी यांसारख्या छोट्या वाहनांच्या सीएनजी आवृत्त्यांच्या मालकांना मात्र हा प्रश्न पडतो. अमेरिकेत तर पेट्रोलवरील पिकअप हे घरोघरचे वाहन आहे.

मुदत ठरते ती प्रथम धातूवर. साध्या निकेल टोकाचे प्लग साधारणपणे ३० ते ५० हजार किलोमीटर टिकतात. प्लॅटिनम किंवा इरिडियमचे लाखभर किलोमीटर व त्याहूनही अधिक. इरिडियम सुमारे २४४६ अंश सेल्सियसला वितळते, निकेल १४५५ अंशांना; टिकाऊपणातील फरकाचे हे एक मोठे कारण. कंपनीच्या माहितीपुस्तिकेतील आकडा हा अर्थातच पहिला आधार. परंतु तो सर्वसाधारण वापर गृहीत धरून दिलेला असतो. जड ओझे ओढणारी, किंवा वाहतूककोंडीत तासन्‌तास सुरू राहणारी गाडी मीटरवर थोडेच किलोमीटर दाखवते, इंजिन मात्र कितीतरी अधिक चाललेले असते. अशा वाहनांसाठी पुस्तिकेत बहुधा स्वतंत्र, कमी मुदतीचे वेळापत्रक असते. ते पान सहसा कोणी उलटत नाही.

सीएनजी पेटविण्यास पेट्रोलपेक्षा अधिक व्होल्टेज लागते. त्यामुळे प्लगची झीज लवकर जाणवते आणि कॉइलवरही ताण येतो.

‘गाडी अजून उत्तम चालते, मग प्लग कशाला बदलायचे?’ हा युक्तिवाद नेहमीचा. फोर्डच्या एफ-१५० या पिकअपचा इतिहास त्याला चोख उत्तर देतो. २००४ ते २००८ या मॉडेल-वर्षांतील ५.४ लिटर, तीन व्हॉल्व्हच्या व्ही-८ इंजिनात आठ प्लग होते आणि मुदत होती एक लाख मैल, म्हणजे सुमारे १ लाख ६० हजार किलोमीटर. या प्लगचे टोक लांब, बारीक नळीसारखे असून कवच दोन भाग जोडून बनविलेले होते. नळी आणि सिलिंडर हेड यांच्यामधल्या जागेत काजळी घट्ट बसे. प्लग ठिणगी नेमाने पाडत असे, मालक निर्धास्त असे. आणि मुदत भरल्यावर प्लग सोडवू लागताच वरचा भाग हातात येई व नळी हेडमध्येच अडकून राही. ती काढण्यासाठी खास हत्यार लागे. तेही अपयशी ठरले तर हेड उतरविण्याचा मोठा खर्च. २००७ च्या अखेरीस हेडची रचना बदलण्यात आली.

यावर फोर्डने मेकॅनिकांना पद्धत ठरवून दिली. इंजिन पूर्ण थंड असावे, प्लग अगदी किंचित सैल करावा, कार्ब्युरेटर क्लीनर ओतून किमान १५ मिनिटे मुरू द्यावे आणि मग पुढे-मागे फिरवत हलक्या हाताने बाहेर काढावा. हे इंजिन असलेली जुनी गाडी अमेरिकेत आजही कोणी घेत असेल, तर प्लग बदलल्याचा कागद आधी मागावा. तो नसेल तर मुदत भरण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. जितकी काजळी कमी, तितकी सुटका सोपी.

लक्षणांची वाट पाहणे इतर इंजिनांतही महागात पडते. सकाळी इंजिन उशिरा सुरू होणे, धक्के बसणे, इंधन अधिक लागणे, किंवा आपल्या भाषेत ‘पिकअप न घेणे’ (पिकअपबाबतही हीच तक्रार!), या गोष्टी दिसू लागतात तेव्हा बराच उशीर झालेला असतो. ठिणगी चुकली की न जळलेले इंधन एक्झॉस्टमध्ये जाते आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून निकामी होऊ शकतो. त्याची किंमत प्लगच्या संपूर्ण संचापेक्षा कितीतरी अधिक. इंजिनाचा इशारादर्शक दिवा लुकलुकू लागला, तर गाडी दामटू नये.

काढलेले प्लग सिलिंडरच्या क्रमाने मांडून पाहावेत. फिकट तपकिरी वा राखाडी टोक ही नेहमीची झीज. कोरडी काळी काजळी म्हणजे इंधनाचे प्रमाण जास्त. तेलकट काळपटपणा असल्यास ऑइल ज्वलनकक्षात शिरते आहे, आणि नवा प्लगही लवकरच तसाच होणार. पांढरे, फोड आलेले टोक अतितापाचे लक्षण असते. आपल्या गॅरेजांत प्लग पॉलिश पेपरने घासून पुन्हा बसविण्याची रीत जुनीच आहे. निकेलच्या प्लगवर ती एकवेळ चालून जाते. इरिडियमचे सुईसारखे टोक मात्र त्याने मोडू शकते.

नवा प्लग प्रथम हातानेच फिरवून बसवावा आणि टॉर्क पान्याने सांगितले तेवढेच आवळावे. ॲल्युमिनियमच्या हेडमधील आटे एकदा गेले, की प्लगची किंमत हा विषयच उरत नाही.