प्रतिकृतीचे स्टिअरिंग कोणत्या बाजूला?

मराठीत ‘प्रतिकृती’ हा शब्द आपण बराच सैलपणे वापरतो. शनिवारवाड्याचे थर्माकोलचे मॉडेल ही प्रतिकृती, संग्रहालयातील मूर्तीवरून काढलेला प्लास्टरचा ठसा ही प्रतिकृती, आणि साठ वर्षांपूर्वीच्या स्पोर्ट्‌सकारवरून आज नव्याने घडवलेली, स्वतःच्या चाकांवर धावणारी मोटार हीही प्रतिकृतीच. पहिल्या दोहोंना केवळ दिसायचे असते. तिसरीला रस्त्यावर उतरायचे असते, आणि तो रस्ता मूळ गाडीच्या देशातला असेलच असे नाही. म्हणून अशी गाडी बांधवून घेणाऱ्यापुढे अगदी आरंभीच प्रश्न उभा राहतो : स्टिअरिंग डावीकडे ठेवायचे की उजवीकडे? प्रश्न कारखान्यातला असला तरी साहित्याच्या अभ्यासकाला तो परका वाटू नये. कोणती संहिता प्रमाण मानायची आणि नव्या वाचकासाठी तिच्यात किती बदल करायचा, हा वाद आम्ही वर्गात दरवर्षी घालतोच.

रहदारीची बाजू आणि स्टिअरिंगची बाजू एकमेकींच्या विरुद्ध असावयाची, हे आज आपण गृहीत धरतो. इतिहासात ते इतके स्वयंसिद्ध नव्हते. आपला धुरकरी गाडीच्या मध्यावर धुरेशी बसे. त्याला डावे-उजवे सारखेच. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या मोठ्या मालवाहू घोडागाड्यांचा हाकणारा मात्र डावीकडच्या घोड्यावर बसे किंवा गाडीच्या डाव्या अंगाने चाले, आणि समोरून येणाऱ्याचे चाक आपल्या चाकाला घासू नये म्हणून त्याला रस्त्याची उजवी बाजू सोयीची पडे, अशी उपपत्ती सांगितली जाते. तरीही अमेरिकेतल्या पहिल्या पिढीच्या कित्येक मोटारींचे स्टिअरिंग उजवीकडेच होते. १९०८ साली फोर्डचे ‘मॉडेल टी’ डाव्या स्टिअरिंगसह आले आणि लाखोंनी खपले, तेव्हा कुठे तिकडची रीत स्थिरावली. युरोपात तर याहून गंमत. फ्रान्समध्ये रहदारी उजवीकडून, पण १९२४ची बुगाटी टाइप ३५ उजव्या स्टिअरिंगची. इटलीची लॅन्शिया ऑरेलिया १९५० साली आली तीही प्रथम उजव्या स्टिअरिंगचीच. डोंगरी रस्त्याची कड चालकाला नीट दिसावी, असे त्याचे समर्थन केले जाई. उलट स्वीडनमध्ये रहदारी डावीकडून आणि बहुतेक गाड्याही डाव्या स्टिअरिंगच्या. ३ सप्टेंबर १९६७ रोजी पहाटे पाच वाजता तो देश उजवीकडे वळला आणि गाड्या न बदलताच विसंगती संपली. सांगायचे इतकेच की जुन्या गाडीचे स्टिअरिंग कुठे होते, हे तिच्या देशाच्या नकाशावरून ओळखू गेल्यास फसगत ठरलेली.

प्रतिकृतींच्या जगात सर्वांत अधिक नक्कल झालेल्या गाड्यांत एसी कोब्राची गणना होते. तिचा जन्मच दोन देशांत झाला. सरे परगण्यातील टेम्स डिटन येथे एसी कार्स ही जुनी कंपनी १९५३पासून ‘एस’ नावाची देखणी, हलकी गाडी बनवीत होती. तिला ब्रिस्टॉल कंपनीचे इंजिन मिळेनासे झाले, त्याच सुमारास टेक्सासचा कॅरोल शेल्बी हा माजी शर्यतपटू अमेरिकन व्ही-८ इंजिनासाठी साजेसा सांगाडा शोधत होता. १९५९ साली ल मॉंची शर्यत जिंकूनही हृदयविकारामुळे त्याला शर्यती सोडाव्या लागल्या होत्या. १९६२च्या आरंभी इंग्लंडहून इंजिनाविना एक गाडी कॅलिफोर्नियात पोचली, तिच्यात फोर्डचे २६० घनइंची इंजिन बसवले गेले आणि कोब्रा तयार झाली. पुढे १९६७पर्यंत जेमतेम हजारभर गाड्या बनल्या. त्यांपैकी बहुतेक अमेरिकेत गेल्या, म्हणून बहुतेकांचे स्टिअरिंग डावीकडे.

आता इंग्लंडमधला एखादा हौशी गृहस्थ कोब्राची प्रतिकृती बांधू लागला की त्याला सांगितले जाते, ‘खरी कोब्रा डाव्या स्टिअरिंगची.’ हे विधान अर्धसत्य आहे. सांगाड्यावरील क्रमांकच त्याला उत्तर देतात. शेल्बीकडे निर्यात झालेल्या गाड्यांचा क्रमांक ‘सीएसएक्स’ या अक्षरांनी सुरू होतो. पण एसी कंपनीने स्वतः विकलेल्या गाड्यांत ‘सीओबी’ म्हणजे कोब्रा-ब्रिटन ही उजव्या स्टिअरिंगची मालिका आहे आणि ‘सीओएक्स’ ही निर्यातीची डावी मालिकाही आहे. म्हणजे येथे मूळ संहिता एक नाही. खुद्द कर्त्यानेच दोन पाठ सिद्ध करून ठेवले आहेत, त्यांतला एक संख्येने फार अल्प, एवढेच. ब्रिटनच्या रस्त्यासाठी उजवीकडचे स्टिअरिंग निवडणारा मुळाशी प्रतारणा करीत नाही. तो एक दुर्मीळ पाठ स्वीकारतो.

याच्या नेमके उलट उदाहरण फोर्ड जीटी४० या गाडीचे. फेरारी कंपनी विकत घेण्याचा फोर्डचा प्रयत्न १९६३ साली फसला, आणि मग फेरारीला ल मॉंमध्ये हरवण्यासाठी इंग्लंडमधील स्लाव येथे ही गाडी घडवली गेली. उंची अवघी चाळीस इंच, म्हणजे एक मीटरच्या थोडी वर. नावातला आकडा त्यावरूनच आला. १९६६ ते १९६९ अशी सलग चार वर्षे या घराण्याच्या गाड्यांनी ती शर्यत जिंकली. नाव अमेरिकन, पैसा अमेरिकन, इंजिन अमेरिकन, पण शर्यतीच्या गाडीत चालक उजवीकडे. केवळ स्लावचा रिवाज म्हणून हे झाले नाही. ल मॉं, स्पा, सिल्व्हरस्टोन हे मार्ग घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने धावायचे असतात, म्हणजे त्यांत उजवी वळणे अधिक. चालकाचे वजन वळणाच्या आतल्या अंगाला राहिले तर बरे, असा हिशेब त्यामागे सांगितला जातो. गिअरचा दांडाही चालकाच्या उजव्या हाताला, दाराच्या उंबऱ्यालगत. आत शिरताना तो ओलांडूनच बसावे लागते. डाव्या हाताने गिअर बदलण्याची सवय असलेल्या आपल्यासारख्यांना ही रचना विचित्र वाटेल, पण ती त्या यंत्राच्या अंगभूत तर्काचा भाग आहे.

तेव्हा अमेरिकेत जीटी४०ची प्रतिकृती डाव्या स्टिअरिंगने बांधली, तर नुसते चक्र पलीकडे जात नाही. गिअरचा दांडा सहसा मधोमध आणावा लागतो, पट्ट्या आणि दांड्यांची जोडणी बदलते, चढण्या-उतरण्याची ती अडचणीची पण खास रीतही जाते. रस्त्यासाठी काढलेल्या ‘मार्क तीन’ या मोजक्या गाड्यांत फोर्डनेच दांडा मध्यावर नेला होता, हे खरे. पण शर्यत जिंकणारी गाडी ती नव्हे, आणि प्रतिकृती मागणाऱ्याच्या मनात शर्यत जिंकणारीच असते. २००५ साली फोर्डने या गाडीच्या स्मरणार्थ नवी ‘जीटी’ आणली. ती केवळ डाव्या स्टिअरिंगची होती. कंपनीला स्वतःच्या पूर्वजाची बैठक सांभाळावीशी वाटली नाही, याचे आम्हाला नवल वाटते. दक्षिण आफ्रिकेत बनणाऱ्या सुपरफॉर्मन्सच्या जीटी४०मध्ये मात्र उजवी बैठक आणि उजव्या हाताचा दांडा मागून घेता येतो, आणि तो मागणारे अमेरिकेतही आहेत.

कायद्याला या सूक्ष्मतेशी कर्तव्य नसते. अमेरिकेच्या २०१५च्या कायद्याने छोट्या उत्पादकांना वर्षाला ३२५पर्यंत प्रतिकृती विकण्याची मुभा दिली. त्यातील व्याख्येनुसार निदान पंचवीस वर्षे जुन्या गाडीच्या बाह्य शरीराशी साम्य असावे. आत कोण कुठे बसतो, याविषयी व्याख्या मौन पाळते.

रस्ता मात्र मौन पाळत नाही. डावीकडून चालणाऱ्या ब्रिटनमध्ये डाव्या स्टिअरिंगच्या कोब्रातला चालक रस्त्याच्या कडेला चिकटून बसलेला असतो. पुढे ट्रक असेल तर समोरून काही येते आहे का, हे पाहण्यासाठी त्याला जवळजवळ अख्खी गाडी मध्यरेषेपलीकडे काढावी लागते, नाहीतर शेजारी बसलेल्याच्या शब्दावर विसंबावे लागते. चारशे घोड्यांच्या ताकदीच्या उघड्या गाडीत दुसऱ्याच्या ‘जाऊ दे’वर जीव सोपवणे ही निष्ठेची किंमत आहे, आणि कोब्राच्या बाबतीत ती मोजण्याची गरजच नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. जीटी४०च्या अमेरिकन मालकाला हीच किंमत उलट बाजूने मोजावी लागते. पण तेथे पर्यायाने जे गमवायचे ते खूपच अधिक. त्याने उजवीकडे बसावे आणि ओव्हरटेक कमी करावेत.

आपल्याकडे अलिबागजवळच्या चिंकारा मोटर्सने लोटस सेव्हनच्या वळणाची रोडस्टर बांधली. मूळ गाडी इंग्लंडची, रहदारी दोन्हीकडे डावीकडून. प्रश्नच उद्भवला नाही. तो उद्भवला होता आणि कुणी फारसा विचारला नाही, तो जीपच्या बाबतीत. ती स्पोर्ट्‌सकार नव्हे, परंतु परवान्याने घेतलेली नक्कल ती होतीच. स्वातंत्र्यानंतर महिंद्राने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, आणि पुढे कित्येक वर्षे आपल्या रस्त्यांवर या कंपनीच्या डाव्या स्टिअरिंगच्या जीपगाड्या धावत राहिल्या. मागच्या फळीवर ‘लेफ्ट हँड ड्राइव्ह’ अशी अक्षरे रंगवलेली असत. चालक डावीकडे बसला की त्याचा उजवा हात खिडकीबाहेर काढून वळण्याची खूण करता येत नाही, म्हणून मागच्याला ही सूचना. १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १२०नेही डाव्या स्टिअरिंगला सरसकट बंदी केलेली नाही. अशा गाडीला यांत्रिक किंवा विजेवर चालणारे इशारा देणारे साधन असले पाहिजे आणि ते चालू स्थितीत असले पाहिजे, एवढीच त्याची अट आहे.