पाठीमागचा पडदा : छायाचित्रांतील प्रकाश, पार्श्वभूमी आणि आपला इतिहास

भिवंडीच्या नारपोली भागात, यंत्रमागांच्या अखंड खडखडाटात राहणाऱ्या उपासकांच्या घरी गेलो असता, समोरच्या भिंतीवर तथागतांची व बाबासाहेबांची तसबीर आणि त्यांच्यापासून थोडे खाली घरातील एखाद्या दिवंगत वडीलधाऱ्याचे छायाचित्र दृष्टीस पडते. ते बहुधा स्टुडिओत काढलेले असते. गृहस्थ खुर्चीवर ताठ बसलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर; मागे रंगविलेला पडदा, त्यावर राजवाड्याचे खांब, नक्षीदार कठडा आणि दूरवर एक बाग. ज्याचे आयुष्य मागावर आणि दहा बाय बाराच्या खोलीत गेले, त्याच्या मागे हा राजवाडा कोठून आला? पाहुणे हसतात, घरची नवी पिढी थोडी ओशाळते. आम्हांस मात्र त्या पडद्याकडे अधिक गांभीर्याने पाहावेसे वाटते.

छायाचित्रात माणसामागे काय असावे, हे कोणी ठरविले, हा प्रश्न आपल्या इतिहासात लहान नाही. मुंबईत 1854 साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. त्याच शहरात व्यवसाय करणाऱ्या विल्यम जॉन्सन याने ‘द ओरिएंटल रेसेस अँड ट्राइब्ज, रेसिडेंट्स अँड व्हिजिटर्स ऑफ बॉम्बे’ हा ग्रंथ 1863 व 1866 अशा दोन खंडांत काढला. त्यातील अनेक चित्रांत माणसे एकीकडे टिपलेली आणि देखावा दुसरीकडचा आहे. दोन्ही मागाहून जोडून एक चित्र केले आहे. बसविलेल्या माणसास आपल्या मागे कोणते देऊळ वा कोणता घाट येणार, याची वार्ताही नसावी. चित्राखाली त्याचे नाव नाही, जातीचे वा जमातीचे नाव आहे. पुढे 1868 ते 1875 या काळात सरकारी पुढाकाराने ‘द पीपल ऑफ इंडिया’ आठ खंडांत प्रसिद्ध झाले, तेथेही दृष्टी तीच. माणूस म्हणजे नमुना, आणि नमुन्याची पार्श्वभूमी नमुना गोळा करणाऱ्याच्या सोयीची.

या पार्श्वभूमीवर (हा शब्द येथे आम्ही अक्षरशः योजतो) एखादा कामगार खिशातील पैसे मोजून स्टुडिओत शिरतो, दोन-तीन पडद्यांतून एक निवडतो आणि कॅमेऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवून बसतो, ही घटना वेगळी ठरते. राजवाडा खोटा आहे हे त्यालाही ठाऊक होते. तो राजवाड्याचा मालक म्हणून बसलेला नाही. ज्या उंबरठ्यावरून हाकलले जात असे, तेथे या घटकेस कोणी उठवीत नाही, म्हणून बसला आहे.

प्रकाशाचीही अशीच कथा आहे. विजेचे दिवे येण्यापूर्वी स्टुडिओस उत्तरेकडून काचेचे छप्पर ठेवीत, कारण त्या बाजूचा उजेड दिवसभर सौम्य व सारखा राहतो. पुढे दिव्यांची मांडणी रूढ झाली : मुख्य दिवा एका अंगास, चेहऱ्याहून उंच व तिरपा; दुसऱ्या अंगास मंद दिवा किंवा नुसता पांढरा पुठ्ठा, म्हणजे गालावरची सावली अगदी काळी होत नाही. जमल्यास केसांवर मागून एक झोत. माणूस पडद्यापासून चार-पाच हात पुढे बसला तर पडदा किंचित धूसर होतो आणि खरा भासतो. जागा अपुरी असली की तो पडद्याला खेटून बसतो आणि त्याची सावली थेट रंगविलेल्या आकाशावर पडते. जुनी छायाचित्रे चाळताना आकाशावरच्या अशा सावल्या आम्ही कुतूहलाने पाहतो. स्टुडिओ किती अरुंद होता, हे त्या सांगून जातात.

रंगांच्या बाबतीत मात्र जुनी छायाचित्रे फसवितात. आरंभीच्या काचा केवळ निळ्या-जांभळ्या प्रकाशास प्रतिसाद देत. नंतरच्या ऑर्थोक्रोमॅटिक काचांस हिरवा उमगू लागला, तांबडा नव्हे. तांबड्यासह सर्व रंग टिपणाऱ्या पॅनक्रोमॅटिक काचा 1906 पासून बाजारात आल्या, तरी जुना माल पुढे कित्येक वर्षे वापरात होता. याचे दोन परिणाम झाले. सावळ्या कातडीवरून परतणाऱ्या प्रकाशात तांबूस अंश मोठा असल्याने अशा काचांवर आपले चेहरे होते त्याहून काळे उमटले. आणि निळे वस्त्र फिके, जवळजवळ पांढरे उमटले. तेव्हा जुन्या चित्रातील फिकट कापड पाहून ‘शुभ्र वस्त्र’ असा निर्णय अभ्यासकाने घाईने देऊ नये. ते निळेही असू शकेल.

काळ्या उमटलेल्या चेहऱ्यावर मग पेन्सिल चाले. काचेवर बारीक टोकाने रेघा भरल्या की प्रतीत तो भाग उजळतो. सुरकुत्या जात, देवीचे व्रण जात, वर्णही एक-दोन छटांनी उतरे. ग्राहक तेच मागत, छायाचित्रकार तेच देत. त्यांना दोष देणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. पण गोऱ्या वर्णाची ती ओढ धम्मदीक्षेनंतरच्या चित्रांतही टिकून राहिली, हे झाकून ठेवणेही बरे नव्हे.

आता एका सर्वपरिचित छायाचित्राकडे वळू. फेब्रुवारी 1934 मध्ये दादरच्या ‘राजगृहा’त घेतलेल्या या चित्रात यशवंतराव, बाबासाहेब, माता रमाई, बाबासाहेबांच्या थोरल्या भावाच्या पत्नी लक्ष्मीबाई आणि पुतणे मुकुंदराव आहेत, ‘टोबी’ नावाचा कुत्राही आहे. 27 मे 1935 रोजी, म्हणजे अवघ्या सव्वा वर्षाने, रमाईंचे निधन झाले. येथे राजवाड्याचा पडदा नाही आणि त्याची गरजही नाही. ज्या घराचे नाव राजगृह, ते स्वतःच्या ग्रंथांसाठी बांधलेले स्वतःचे घर आहे. परंतु आमच्या पाहण्यात या चित्राच्या अखंड प्रतींपेक्षा कातरलेल्या प्रतीच अधिक आल्या. कोठे लक्ष्मीबाई गेल्या, कोठे टोबी गेला, कोठे सगळेच जाऊन रमाईंचा चेहरा तेवढा उरला व त्यामागे तेजोवलय आले. कातरणाऱ्याच्या मनात श्रद्धाच असते. पण लक्ष्मीबाईंसारखी कुटुंबात वावरलेली स्त्री त्या कात्रीने इतिहासातून वजा होते.

बाबासाहेबांचा निळा सूटही याच प्रकारातला. त्यांची बहुतेक प्रचलित छायाचित्रे कृष्णधवल आहेत. त्यांतील करडा कोट निळा होता की काळा की तपकिरी, हे त्या चित्रांवरून सिद्ध होत नाही. निळा रंग आपण दिला. चळवळीच्या ध्वजाचा तो रंग आहे आणि तो देण्याचा हक्कही आपलाच. परंतु रंगविलेली प्रत आणि मूळ प्रत या दोन वस्तू आहेत, एवढे भान अभ्यासकाने ठेवावे.

बौद्ध कलेच्या वाचकास हे सांगणे कठीण जाऊ नये. साची व भारहूतच्या शिल्पांत बुद्धांची मानवी आकृती नाही. रिकामे आसन आहे, बोधिवृक्ष आहे, पावले आहेत. आकृतीवाचून केवळ परिसर बोलतो आणि पाहणाऱ्यास तो समजतो. मग आकृती असलेल्या चित्रातील परिसर आपण कचरा समजून का कापावा?

नारपोलीतील त्या तसबिरी आता दमटपणाने पिवळ्या पडत आहेत. काही काचेला चिकटल्या आहेत. त्या ओढून काढू नयेत, काचेसकटच प्रत घ्यावी. मोबाईलने प्रत घेताना वरचा दिवा मालवावा, चित्र खिडकीच्या उजेडात सपाट ठेवावे, चारही कडा चौकटीत येऊ द्याव्यात आणि पाठीमागची बाजूही टिपावी, कारण स्टुडिओचा शिक्का व तारीख असल्यास तेथेच असते. नाव, गाव, कोणत्या कारखान्यात कामास होते, हे घरातील वृद्धांस आजच विचारून मागे मऊ पेन्सिलीने लिहावे. शाईने लिहू नये. ती कागदातून पुढे, चेहऱ्यावर उतरते.