आयपी कॅमेऱ्याची जोडणी : लेबलवरच्या आकड्यापासून पासवर्डच्या सक्तीपर्यंत

केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत कॉफीच्या भांड्यावर रोखलेला कॅमेरा 1991 पासून नेटवर्कवर दिसत होता. पण तो स्वतः नेटवर्कला जोडलेला नव्हता, मधे संगणक होता. मधला संगणक काढून टाकला तो 1996 मध्ये, स्वीडनच्या लुंड शहरातल्या ॲक्सिस कंपनीने. तिचा मूळ धंदा प्रिंटर नेटवर्कला जोडणाऱ्या उपकरणांचा. तिचा ‘नेटआय 200’ सेकंदाला एखादेच चित्र देई, मोठे हवे असल्यास सतरा सेकंदांना एक. चोर पकडायला त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

जुन्या सीसीटीव्हीची जोडणी हे हाताचे काम होते. कोॲक्सियल केबल ओढायची, लेन्स फिरवून फोकस साधायचा, व्हीसीआर लावायचा. आयपी कॅमेऱ्याला मात्र आधी पत्ता द्यावा लागे, आणि त्याला ना पडदा ना बटणे. ॲक्सिसच्या कॅमेऱ्यांत यासाठी अंगावरच्या लेबलवरचा अनुक्रमांक उतरवून घेत. तोच त्याचा मॅक पत्ता. संगणकावर ‘एआरपी’ची कमांड टाइप करून त्या आकड्याशी मोकळा आयपी पत्ता बांधायचा, मग ‘पिंग’ करायचे. उत्तर आले की ब्राउझरमध्ये तोच पत्ता टाकायचा. एक अंक चुकला तर भिंतीवरचा कॅमेरा नेटवर्कवर सापडतच नसे. आत शिरायला नाव ‘रूट’ आणि पासवर्ड ‘पास’. प्रत्येक कॅमेऱ्याला हेच, आणि माहितीपुस्तिकेत छापलेले.

पुढे काम सोपे होत गेले. 2003 च्या पीओई मानकामुळे वीज आणि चित्र एकाच लॅन केबलमधून जाऊ लागले. 2008 मध्ये ॲक्सिस, बॉश आणि सोनी यांनी समान मानके ठरवणारी ‘ऑनव्हिफ’ संघटना स्थापन केल्यावर एका कंपनीचा कॅमेरा दुसरीच्या रेकॉर्डरवर (एनव्हीआर) चालू लागला. यूपीएनपी ही सोय चालू असली की कॅमेरा बाहेरून पाहता यावा म्हणून राउटरचे पोर्ट आपोआप उघडू लागले. बसवणाऱ्याची मेहनत वाचली, पण घाईत कारखान्याचा पासवर्ड तसाच राही.

2016 मध्ये ‘मिराई’ या मालवेअरने नेमके हेच हेरले. साठेक ठरलेली नावे आणि पासवर्ड आळीपाळीने लावून त्याने कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले; 21 ऑक्टोबरला अशा उपकरणांच्या माऱ्याने साइटचे पत्ते शोधून देणाऱ्या (डीएनएस) ‘डाइन’ कंपनीची सेवा कोलमडली आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट अनेकांना उघडेनात. सगळा दोष ग्राहकांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. काही उपकरणांत दूरून आत शिरण्याच्या ‘टेलनेट’ मार्गाचा पासवर्ड आतच कोरलेला होता. ब्राउझरमधून पासवर्ड बदलला तरी टेलनेटचा बदलत नसे.

त्यानंतर कायदे आले. कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2020 पासून प्रत्येक उपकरणाला वेगळा पासवर्ड देणे किंवा पहिल्या वापराआधी तो बदलायला लावणे बंधनकारक झाले. ब्रिटनने 29 एप्रिल 2024 पासून सरसकट एकच पासवर्ड देण्यावर बंदी घातली. त्याच महिन्यात भारत सरकारनेही सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षा-चाचणीच्या अटी अधिसूचित केल्या. आता बहुतेक नवे कॅमेरे नवा पासवर्ड दिल्याशिवाय चित्रच दाखवत नाहीत.