खरे तारे आणि रचलेले तारे

नकाशावरील कोऱ्या जागेचे काय करावे, हा प्रश्न जुनाच आहे. जुन्या यूरोपीय नकाशांत आफ्रिकेचा अज्ञात अंतर्भाग हत्ती-सिंहांच्या चित्रांनी भरलेला दिसतो. आकाशाच्या बाबतीत हाच उद्योग आपल्या काळात संगणकावरील एका खेळाने केला. त्याचा इतिहास सांगण्याजोगा आहे.

खेळाचे नाव ‘एलीट’. केंब्रिजचे दोन विद्यार्थी, डेव्हिड ब्रेबेन आणि इयान बेल, ह्यांनी तो १९८४ साली प्रसिद्ध केला. ज्या यंत्रावर तो चाले, त्याची स्मृती अवघी ३२ किलोबाइट. एवढ्याशा जागेत तारे साठवायचे कसे? त्यांनी ते साठविलेच नाहीत. काही बीजसंख्या घेऊन त्यांची ठराविक रीतीने बेरीज करीत जायचे, आणि येईल त्या संख्येवरून ताऱ्याची जागा, राज्यपद्धती, बाजारभाव, इतकेच काय, अक्षरांच्या जोड्या लावून नावही ठरवायचे. अशा ८ दीर्घिका, प्रत्येकीत २५६ तारे. लाव्हे, डिसो, लीस्टी ही नावे कोणत्याही ज्योतिषाने ठेवलेली नाहीत. ती बेरजेतून निघाली. सोबत रॉबर्ट होल्डस्टॉक ह्यांची एक छोटी कादंबरी दिलेली होती. तीत राक्सला नावाच्या गूढ ठिकाणाचा उल्लेख आला, आणि दंतकथेचे बीज पडले.

१९९३ च्या दुसऱ्या खेळात सूर्याजवळचे खरे तारे आले. २०१४ च्या ‘एलीट डेंजरस’मध्ये तर आपली सबंध आकाशगंगाच मांडली आहे. तारे ४०० अब्ज. पैकी वेधशाळांच्या याद्यांतून घेतलेले सुमारे दीड लाख! बाकीचे वायू-धुळीच्या वस्तुमानावरून, भौतिकीच्या नियमांना धरून, यंत्राने रचलेले. पडद्यावर मात्र दोहोंचे तेज सारखेच. माझा आक्षेप आहे तो इथे. कल्पना करण्यास माझी हरकत नाही. परंतु पाहिलेले कोणते आणि अनुमानिलेले कोणते, हे खेळणाऱ्यास सहज कळावयास हवे.

अनुमान कधी कधी नेमके लागते, हेही कबूल केले पाहिजे. कुंभ राशीत, सुमारे ४० प्रकाशवर्षांवर, ट्रापिस्ट-१ नावाचा एक मंद तांबडा तारा आहे. त्याच्याभोवती तीन ग्रह असल्याचे २०१६ साली जाहीर झाले, आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये ती संख्या सात झाली. खेळणाऱ्यांनी आपला नकाशा उघडला, तो जवळपास त्याच अंतरावर यंत्राने एक तपकिरी खुजा तारा आधीच रचून ठेवलेला, आणि त्यालाही सातच ग्रह! खेळाच्या कर्त्यांनी मग त्या जागी खरा तारा बसविला. त्यांच्या ह्या कृतीचे मला त्या योगायोगापेक्षा अधिक कौतुक वाटते.

राक्सलाचा शोध खेळणारे अजून घेत असतात. ट्रापिस्टचे ग्रह, उलटपक्षी, कोणी डोळ्यांनी पाहिलेलेच नाहीत. ग्रह आड आला की ताऱ्याचा प्रकाश किंचित मंदावतो. अशा मंदावण्यांची गणती करून ते सात ठरले. खेळात त्यांच्या शेजारून यान नेता येते.