कांचेच्या घरांतील कोळी

प्राणी पाळावयाचा म्हटला म्हणजे त्याच्या निवाऱ्याचा विचार आधीं करावा लागतो. गाईला गोठा, घोड्याला तबेला, पोपटाला पिंजरा, हे निवारे पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवानें ठरून गेलेले आहेत. परंतु टॅरंटुला नांवाचा केसाळ कोळी जेव्हां हौसेखातर मनुष्याच्या घरांत आला, तेव्हां त्याला कोठें व कसें ठेवावें ह्याविषयीं कोणतीच परंपरा नव्हती. तें ज्ञान गेल्या दोनशें वर्षांत थोडथोडें जमा झालें; आणि त्याची किंमत बहुधा त्या मुक्या जीवालाच मोजावी लागली.

टॅरंटुला हें नांव दक्षिण इटलींतील टारांटो शहरावरून पडलें. तेथील कोळ्याच्या दंशानें माणूस वेडापिसा होतो आणि तासन्‌तास नाचल्याखेरीज विष उतरत नाहीं, अशी लोकांची समजूत शतकानुशतकें होती. टारांटेला ह्या नृत्याचा संबंध ह्याच समजुतीशीं जोडतात. पुढें युरोपीय लोक अमेरिकेंत गेले. तेथें आढळलेल्या, त्याहून कितीतरी मोठ्या केसाळ कोळ्यांनाही त्यांनीं तेंच नांव दिलें. आज टॅरंटुला म्हणून जे कोळी पाळले जातात, ते ह्या दुसऱ्या कुळांतले होत.

मूळ टॅरंटुलाला घरांत ठेवल्याचा एक जुना आणि तपशीलवार वृत्तान्त लेआँ द्युफूर ह्या फ्रेंच वैद्यानें लिहून ठेवला आहे. नेपोलियनच्या सैन्याबरोबर तो स्पेनमध्यें गेला होता. १८१२ सालच्या मे महिन्यांत व्हॅलेन्सिया शहरीं त्यानें एक नर कोळी पकडून कांचेच्या बरणींत घातला, बरणीच्या तोंडावर कागद बसवून त्यांत एक लहानसें दार कापलें, आणि आंत राहावयास कागदाचीच एक पिशवी ठेवली. बरणी त्याच्या शय्यागृहांतील मेजावर असे. कोळी इतका माणसाळला कीं, द्युफूरच्या बोटांतील जिवंत माशी तो येऊन घेऊं लागला. पूर्ण वाढलेले दोन नर एकाच बरणींत ठेवण्याचा प्रयोगही द्युफूरनें एकदां केला. दोघांची झुंज जुंपली आणि एकानें दुसऱ्याला ठार केलें. एका घरांत एकच कोळी, हा पहिला नियम त्या झुंजीनें शिकविला.

दुसरा धडा त्याच वर्षींच्या ऑक्टोबरांत मिळाला. द्युफूरला परगांवीं मुक्काम करावा लागला, म्हणून त्यानें आपल्या कोळ्याला आणण्यासाठीं नोकर पाठविला. बरणी रिकामी होती. कोळ्याचें पुढें काय झालें हें द्युफूरला कधींच कळलें नाहीं. माणसाळलेला प्राणी पळून जाणार नाहीं, हा भरंवसा कागदाच्या झांकणाइतकाच कच्चा ठरला.

द्युफूरच्या मागून झाँ-आंरी फाब्र ह्या थोर कीटक-निरीक्षकानें दक्षिण फ्रान्समधील त्याच वर्गाच्या कोळ्यांचा अभ्यास केला. त्याची दृष्टि निराळी होती. कोळ्याला कोंडावें कसें, ह्यापेक्षां कोळी राहतो कसा, हें त्यानें आधीं पाहिलें. हे कोळी माळरानांत सुमारें फूटभर खोल बीळ करून राहतात. फाब्रनें मातीच्या मोठ्या कुंड्या त्याच माळाच्या तांबड्या मातीनें भरल्या, बोरूच्या तुकड्यानें उभें बीळ पाडून दिलें, आणि वर तारेच्या जाळीचा घुमट बसविला. प्रौढ मादीला बिळावेगळी केली तर ती पुन्हां नवें बीळ खणीत नाहीं. मात्र आयतें मिळाल्यास तें आपलेंसें करते, असें त्याला दिसून आलें. त्यानें दिलेले खडे व रंगीबेरंगी लोकरीचे धागे घेऊन ह्या कोळ्यांनीं बिळाच्या तोंडाशीं बुरूजही रचले. बंदिवासांत प्राणी नुसता जगतो कीं आपल्या स्वभावाप्रमाणें वागतो, हा प्रश्न त्या कुंड्यांनीं पुढें आणला.

अमेरिकेंतील मोठ्या कोळ्यांची गोष्ट आणखी वेगळी. हेन्री बेट्स हा इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ १८४८ पासून अकरा वर्षें अॅमेझॉन नदीच्या प्रदेशांत हिंडला. तेथील एका आदिवासी कुटुंबांतील मुलें असला प्रचंड कोळी कमरेला दोरी बांधून कुत्र्याप्रमाणें घरांत फिरवीत असतांना त्यानें पाहिलीं. त्याच बेट्सनें पहिला कोळी निष्काळजीपणें हाताळला आणि त्याच्या झडलेल्या केसांमुळें तीन दिवस असह्य यातना सोसल्या. अमेरिकेंतील पुष्कळ जाति मागच्या पायांनीं हे केस शत्रूवर उडवितात. डोळ्यांत ते गेल्यास गंभीर इजा होते. म्हणून पेटी अशी असावी कीं, पाणी देणें व सफाई करणें हीं कामें तोंड जवळ न नेतां करतां यावींत.

तथापि पेटींतील धोका माणसाहून कोळ्यालाच अधिक असतो. जमिनीवर राहणाऱ्या टॅरंटुलाचें पोट जड व नाजूक असतें. तो कांचेवर चढतो आणि उंचावरून पडला तर तें पोट फुटून मरतो. यासाठीं तळाशीं माती भरपूर भरावी. मातीपासून झांकणापर्यंतचें अंतर त्याच्या पसरलेल्या पायांच्या दीडपटीहून फारसें अधिक नसावें. फाब्रची तारेची जाळीही ह्या कोळ्यांना सोईची नाहीं, कारण पायांच्या नख्या तींत अडकून पाय तुटतो. तिच्या जागीं बाजूंना बारीक भोकें पाडावींत. झाडावर राहणाऱ्या जातींना मात्र उंच पेटी व सालीचा उभा तुकडा लागतो. पाण्याची उथळ वाटी सर्वांनाच हवी. कडी मात्र पक्की पाहिजे. पेटी उन्हांत कधींही ठेवूं नये. कात टाकतांना कोळी उताणा पडतो व मेल्यासारखा दिसतो. त्या वेळीं त्याला हात लावूं नये आणि भक्ष्यासाठीं सोडलेले जिवंत किडे बाहेर काढावेत, नाहीं तर तेच त्याला खातात.

ह्या सर्व काळजीचा हिशेब दिवसांचा नाहीं. अर्कान्सा विद्यापीठांतील विल्यम बेअर्ग ह्या प्राध्यापकानें विसाव्या शतकांत हे कोळी वर्षानुवर्षें सांभाळले, आणि माद्या वीस वर्षांहूनही अधिक जगतात हें जगाला कळलें. पेटी निवडणारा मनुष्य म्हणजे एका जीवाच्या साऱ्या आयुष्याची जागा निवडीत असतो.

आणि तो जीव आला कोठून, हेंही पाहिलें पाहिजे. आंध्रांतील गुत्ती येथें रेल्वेच्या लाकडांच्या वखारींत सांपडलेल्या एका निळ्या कोळ्याचें वर्णन पोकॉक ह्या शास्त्रज्ञानें १८९९ सालीं केलें. पुढें शंभर वर्षें तो कोणाला दिसला नाहीं. २००१ सालीं पुन्हां आढळला, आणि त्याच्या सौंदर्यामुळें जगभरच्या शौकिनांची नजर त्याच्यावर गेली. २००८ सालीं त्याची गणना अतिसंकटग्रस्त जातींत झाली, आणि २०१९ सालीं त्याच्या साऱ्या प्रजातीच्या परदेशी व्यापारावर आंतरराष्ट्रीय नियंत्रण आलें. सह्याद्रींतील झाडांच्या ढोलींत राहणारे त्याचे भाऊबंदही ह्याच नियमाखालीं येतात. त्यांना लागणारें घर कोणत्याही कारागिराला करतां येण्यासारखें नाहीं. तें जुन्या झाडांतच असतें, आणि झाड उभें राहिलें तरच टिकतें.