मॉन्सचे देवदूत

मॉन्सचे देवदूत : पहिल्या महायुद्धातील एक आख्यायिका. बेल्जियममधील मॉन्स येथे २३ ऑगस्ट १९१४ रोजी ब्रिटिश फौजेची जर्मनांशी पहिली मोठी गाठ पडली. संख्येने कितीतरी मोठ्या शत्रूला दिवसभर थोपवून धरल्यावर ब्रिटिशांना हटावे लागले, आणि ही माघार सुमारे दोन आठवडे, थेट मार्न नदीपर्यंत चालली. त्या कोंडीत आकाशातून देवदूत उतरले व त्यांनी जर्मनांना अडवले, अशी समजूत पुढच्या वर्षी इंग्लंडभर पसरली.

तिचा उगम लढाईत नाही, लंडनच्या एका सायंदैनिकात आहे. वेल्श लेखक आर्थर मॅकन याने माघारीच्या बातम्या वाचून ‘द बोमेन’ ही छोटी कथा लिहिली. ती ‘द इव्हिनिंग न्यूज’मध्ये २९ सप्टेंबर १९१४ रोजी छापून आली. कथेतला शिपाई संत जॉर्जचा धावा करतो. १४१५ च्या अझँकूरच्या लढाईतले धनुर्धारी प्रकट होतात. जर्मन पटापट कोसळतात, पण अंगावर एकही जखम नाही. देवदूत कथेत कुठेच नाहीत. मात्र मजकुरावर ‘कथा’ असा शिक्काही नव्हता, आणि मॅकन त्याच पत्रात बातमीदारी करत असे.

गूढविद्येच्या नियतकालिकांचे संपादक त्याच्याकडे आधार मागू लागले. सारे काल्पनिक आहे, असे त्याने कळवले. चर्चच्या पत्रिकांनी कथा पुन्हा छापली. एका धर्मगुरूने तर प्रस्तावनेत पुरावे द्या म्हणून गळ घातली. पुरावे नाहीतच म्हटल्यावर, तुमचाच काही गैरसमज झाला असावा, असे त्याने मॅकनलाच सुनावले! दस्तुरखुद्द कर्त्याची साक्ष अशी फेटाळली जाण्याचे उदाहरण विरळाच.

१९१५ च्या वसंतात धनुर्धाऱ्यांचे देवदूत झाले. साक्षी बहुतेक सांगोवांगीच्या होत्या. एका धर्मगुरूच्या मुलीला दोन अधिकाऱ्यांनी स्वतः हकिगत सांगितली, असे छापून आले. विचारणा झाली तेव्हा त्यांची नावेही आपल्याला ठाऊक नसल्याचे तिने सांगितले. हॅरॉल्ड बेगबी या पत्रकाराने मॅकनला खोडून काढण्यासाठी पुस्तकच लिहिले. दिवसचे दिवस झोपेविना चालणाऱ्या शिपायांना भास झाले असणे शक्य आहे, आणि काहींनी तसे सांगितलेही. पण त्या आठवणी नोंदल्या गेल्या कथा गाजल्यानंतर.

कथेच्या आधीचा म्हणून एकच पुरावा पुढे केला जाई. ब्रिगेडियर जनरल जॉन चार्टरिस याने १९३१ साली प्रसिद्ध केलेल्या पत्रसंग्रहात ५ सप्टेंबर १९१४ या तारखेखाली या अफवेचा उल्लेख आहे. चार्टरिस पुढे ब्रिटिश सेनेच्या हेरखात्याचा प्रमुख झाला होता. त्याची मूळ पत्रे तपासली असता हा मजकूर मागाहून घुसडल्याचे दिसते.